सॉनिक्सचा शेवटचा हंगाम: सिएटलने संघ कसा गमावला

एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये संघ वाढवायची चर्चा निघाली की सिएटलचे नाव सर्वांत आधी येते आणि पाठोपाठ २००७-०८च्या हंगामाचा विषय निघतो. त्या वर्षी सिएटल सुपरसॉनिक्स ८२ पैकी ६२ सामने हरले. ४१ हंगामांतली ही त्यांची सर्वांत वाईट कामगिरी. पण संघ सिएटल सोडून ओक्लाहोमा सिटीला गेला तो हरला म्हणून नाही. स्टेडियमवर पैसा कोणी घालायचा, हा वाद आणि २०१०पर्यंतचा एक भाडेकरार, या दोन गोष्टींवर सगळे ठरणार होते. चाहत्यांच्या हातात यांपैकी काहीच नव्हते.

सॉनिक्सची स्थापना १९६७ची. सिएटल तेव्हा बोइंगचे गाव म्हणून ओळखले जाई आणि कंपनीच्या स्वनातीत प्रवासी विमानाच्या प्रकल्पावरूनच संघाचे नाव पडले. १९७१मध्ये अमेरिकी काँग्रेसने पैसा थांबवल्यामुळे ते विमान कधी उडालेच नाही, संघ मात्र रुजला. १९७८च्या सात सामन्यांच्या अंतिम फेरीत वॉशिंग्टन बुलेट्सकडून सातव्या सामन्यात हार पत्करल्यावर पुढच्याच वर्षी त्याच बुलेट्सना ४-१ने हरवून लेनी विल्केन्सच्या मार्गदर्शनाखाली सॉनिक्सने विजेतेपद मिळवले. नव्वदच्या दशकात गॅरी पेटन आणि शॉन केम्प ही जोडी आली. १९९५-९६मध्ये संघाने ६४ सामने जिंकले आणि अंतिम फेरीत मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सकडून ४-२ने हार खाल्ली. आज चाळिशीत असलेल्या सिएटलकराचे बास्केटबॉलवेड बहुधा त्या वर्षाचेच असते.

संघ हातचा जाण्याची धास्ती या शहराला नवी नव्हती. १९७०मध्ये त्यांचा बेसबॉल संघ पायलट्स अवघ्या एका हंगामानंतर दिवाळखोरीत निघून मिलवॉकीला गेला होता. तेव्हा वॉशिंग्टन राज्याचे, म्हणजे सिएटल ज्या राज्यात आहे त्याचे, ॲटर्नी जनरल (मुख्य सरकारी वकील) असलेल्या स्लेड गॉर्टन यांनी बेसबॉलच्या अमेरिकन लीगला कोर्टात खेचले, आणि त्यातूनच शहराला १९७७मध्ये मरिनर्स हा नवा संघ मिळाला. गॉर्टन यांचे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे. १९९६मध्ये सीहॉक्स या फुटबॉल संघाच्या मालकाने तर सामानसुमान ट्रकांत भरून कॅलिफोर्नियाकडे रवानाही केले होते. शेवटी मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी तो संघ विकत घेतला म्हणून वाचला.

हे संघ टिकवायची किंमत करदात्यांनी मोजली. बेसबॉलचे नवे मैदान १९९९मध्ये झाले, फुटबॉलचे २००२मध्ये. दोन्हींत सार्वजनिक पैसा होता. या दोन्ही संघांचे जुने स्टेडियम किंगडोम २००० साली सुरुंग लावून पाडले, पण त्याचे कर्ज पाडल्यानंतरही कित्येक वर्षे फेडावे लागत होते. सॉनिक्सची मागणी आली ती या पार्श्वभूमीवर.

तसे पाहिले तर सॉनिक्सचे घर जुनाट नव्हते. १९६२च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले कोलिझियम आतून जवळजवळ नव्याने उभारून १९९५मध्ये 'कीअरीना' नावाने उघडले होते. पण सुमारे सतरा हजार आसनांचे हे स्टेडियम एनबीएतले सर्वांत लहान होते आणि करार असा होता, की आलिशान कक्षांच्या उत्पन्नातला मोठा वाटा बांधकामाचे रोखे फेडण्यात जाई. एव्हाना लीगचे अर्थकारण तिकिटांवरून कक्ष, रेस्तराँ आणि जाहिरातींवर सरकले होते. दहा वर्षांपूर्वी याच वास्तूचे कौतुक करणारे एनबीएचे कमिशनर डेव्हिड स्टर्न आता ती अपुरी असल्याचे सांगू लागले.

२००१मध्ये स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या गटाने सॉनिक्स आणि महिलांचा स्टॉर्म हा संघ मिळून २० कोटी डॉलरना घेतला. गावचाच उद्योजक, गावचाच संघ, म्हणून लोक खूश होते. पाच वर्षांत तोटा साचला. शुल्ट्झ यांनी कीअरीनासाठी २२ कोटी डॉलरचा सार्वजनिक निधी मागितला आणि विधिमंडळाने हात वर केले. जुलै २००६मध्ये त्यांनी ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या गटाला ३५ कोटींना संघ विकला. वर्षभर प्रामाणिकपणे सिएटलमध्येच नव्या स्टेडियमसाठी प्रयत्न करायचे, एवढी अट घातली. खरे पाणी मुरले ते इथेच. चाहत्यांचा सगळा राग बेनेट यांच्यावर निघाला, पण ओक्लाहोमाच्या धनाढ्यांना संघ विकून तो सिएटलमध्ये राहील असे मानणे हा भाबडेपणा होता, नाहीतर सोयीस्कर डोळेझाक. शुल्ट्झ यांनी पुढे २०१९मध्ये जाहीर माफी मागितली.

बेनेट यांच्या गावाला संघाची भूक होती. कत्रिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सचा हॉर्नेट्स संघ दोन हंगाम ओक्लाहोमा सिटीत खेळला होता आणि तिथले स्टेडियम भरून वाहत होते. इकडे नोव्हेंबर २००६मध्ये सिएटलच्या मतदारांनी सुमारे ७४ टक्के मतांनी ठराव केला, की खेळाच्या स्टेडियमात शहराने घातलेल्या पैशावर किमान सरकारी रोख्यांइतका परतावा मिळालाच पाहिजे. असा परतावा कोणताही संघ देत नाही. म्हणजे शहराने दार लावून घेतले. मग बेनेट यांनी शेजारच्या रेंटनमध्ये ५० कोटी डॉलरच्या स्टेडियमचा प्रस्ताव मांडला, त्यातला बहुतांश भार करदात्यांवर. तो नाकारला जाईल हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. ऑगस्ट २००७मध्ये सहमालक ऑब्री मॅक्लेंडन ओक्लाहोमाच्या एका वृत्तपत्राशी बोलताना सांगून बसले, की संघ सिएटलमध्ये ठेवण्यासाठी घेतलाच नव्हता. लीगने त्यांना अडीच लाख डॉलरचा दंड केला. वर्षाची मुदत ३१ ऑक्टोबरला संपली आणि लगेच बेनेट यांनी स्थलांतराचा इरादा लीगला कळवला. हंगाम तेव्हा नुकताच सुरू झाला होता.

आता संघाकडे वळू. जून २००७च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, दुसऱ्या क्रमांकावर सॉनिक्सच्या वाट्याला केव्हिन ड्युरांट आला. अठरा वर्षांचा, हातापायांच्या काड्या, पण चेंडू हातात आला की कुठूनही बास्केट करणारा. त्याच रात्री संघाचा सर्वांत मोठा खेळाडू रे ॲलन बोस्टनला दिला गेला आणि त्या सौद्यात जेफ ग्रीन आला. थोड्याच दिवसांत रशार्ड लुइस ऑर्लँडोला गेला. नवे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी जेमतेम तिशीचे. त्यांचे धोरण सरळ होते: महागडे अनुभवी खेळाडू सोडा, ड्राफ्टचे हक्क साठवा, हरायची तयारी ठेवा. बास्केटबॉलच्या हिशेबाने ते चोखच होते, हे पुढे सिद्ध झाले. पण ज्या मालकाला गाव सोडायचे आहे, त्याच्याही ते पथ्यावर पडणारे होते. नावाजलेले खेळाडू गेले, संघ हरू लागला आणि खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या.

सुरुवातच सलग आठ पराभवांनी झाली. पहिला विजय अटलांटात, दोन जादा डाव खेळून, ड्युरांटच्या तीन गुणांच्या फेकीवर मिळाला. फेब्रुवारीत उरलेसुरले अनुभवीही विकले गेले. मार्चमध्ये डेन्व्हरने १६८-११६ असे धुऊन काढले. ५२ गुणांचा फरक! तरी चाहत्यांना या संघात जीव लावण्यासारखे काहीतरी दिसत होते. ड्युरांटने सामन्यामागे वीसहून अधिक गुण काढून सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. पोरगा दोन-तीन वर्षांत कुठे जाईल हे दिसत होते. कुठे म्हणजे कोणत्या गावात, हेही दिसत होते, आणि दुखणे तेच होते.

चाहत्यांची गत धरले तर चावते, सोडले तर पळते अशी. तिकीट काढावे तर पैसा त्याच मालकाच्या खिशात, जो संघ उचलून न्यायला निघालाय. न काढावे तर तोच मालक रिकाम्या खुर्च्या दाखवून म्हणणार, बघा, इथे बास्केटबॉल कोणाला हवाय? काहींनी बहिष्कार घातला, काहींनी 'सेव्ह अवर सॉनिक्स'चे हिरवे-पिवळे फलक घेऊन आत जाऊन घोषणा दिल्या. हंगामाची प्रेक्षकसंख्या सामन्यामागे सरासरी तेरा हजारांच्या आसपास राहिली. सोडून जाणाऱ्या, सतत हरणाऱ्या संघासाठी तेरा हजार माणसे येतात, याला मी तरी उदासीनता म्हणणार नाही. १३ एप्रिल २००८ला कीअरीनातला शेवटचा सामना झाला. सॉनिक्सने डॅलसला ९९-९५ असे हरवले, आणि 'सेव्ह अवर सॉनिक्स'चा गजर सुरू असताना खुद्द ड्युरांट हात उंचावून प्रेक्षकांना आणखी ओरडायला सांगत होता. पगार बेनेट यांचा, पण पोरगे त्या क्षणी प्रेक्षकांच्या बाजूने होते.

पाच दिवसांनी, १८ एप्रिलला, लीगमधल्या संघांच्या मालकांनी २८ विरुद्ध २ मतांनी स्थलांतराला मंजुरी दिली. विरोधात फक्त डॅलसचे मार्क क्युबन आणि पोर्टलँडचे पॉल ॲलन, म्हणजे सीहॉक्स वाचवणारे तेच ॲलन.

उरला भाडेकरार. संघाने २०१०पर्यंत कीअरीनातच खेळले पाहिजे, पैसे देऊन मोकळे होता येणार नाही, असे म्हणत शहर आधीच न्यायालयात गेले होते. भाडेकरूने जागा सोडू नये म्हणून घरमालकाने कोर्टाची पायरी चढण्याचा हा उलटाच प्रकार. शहराच्या बाजूने होते तेच स्लेड गॉर्टन, आता ऐंशीच्या घरातले. शहराने मालकांचे आपसातले ईमेल बाहेर काढले. पुढचा हंगाम ओक्लाहोमात खेळता येईल का, की सिएटलमध्ये आणखी एक वर्ष रखडावे लागणार, असे सहमालक टॉम वॉर्ड यांनी एप्रिल २००७मध्ये विचारले होते. आपण झपाटलेले आहोत, शक्य ते सारे करू, असे बेनेट यांचे उत्तर होते. झपाटलेलो होतो ते संघ सिएटलमध्ये राखण्यासाठी, हा त्यांचा नंतरचा खुलासा. वाचणाऱ्याने काय ते ठरवावे. संघमालकांनीही शहराच्या बाजूची एक योजना उघड केली. मालकांचा खर्च वाढवत नेऊन त्यांना संघ विकायला भाग पाडावे, असे तिचे स्वरूप होते. म्हणजे धुतल्या तांदळाचे इथे कोणीच नव्हते.

जूनमध्ये न्यायाधीश मार्शा पेकमन यांच्यासमोर सहा दिवस सुनावणी झाली. पहिल्या दिवशी न्यायालयाबाहेर हजारो चाहते जमले, पेटनही आला. आत सॉनिक्सच्या वकिलांचे म्हणणे होते, की संघ गेल्याने शहराच्या अर्थकारणाला फारसा धक्का बसत नाही, लोक करमणुकीचा पैसा दुसरीकडे खर्च करतात. अर्थशास्त्रज्ञ एरवीही हेच सांगतात आणि ते बहुतांशी खरे आहे. गंमत अशी, की स्टेडियमसाठी सरकारी पैसा मागताना हेच मालक नेमके उलट सांगत असतात. पैशात न मोजता येणारे काहीतरी संघाने दिलेले असते, हे कोर्टाला पटवण्यासाठी शहराने साक्षीला लेखक शर्मन अलेक्सी यांना उभे केले.

निकाल २ जुलैला लागायचा होता. त्याच्या काही तास आधी महापौर ग्रेग निकल्स यांनी तडजोड केली. ४.५ कोटी डॉलर घेऊन संघाला मोकळे केले. राज्याने स्टेडियमसाठी निधी मंजूर करूनही पाच वर्षांत शहराला संघ मिळाला नाही, तर आणखी ३ कोटी. त्या निधीचे पुढे घोडे अडले आणि ते ३ कोटी आलेच नाहीत. सॉनिक्स हे नाव आणि हिरवा-सोनेरी रंग सिएटलकडे राहिले. चाहत्यांना हा विश्वासघात वाटला, आणि मला त्यांचे बरोबर वाटते. खटला जिंकला असता तरी दोनच वर्षे मिळाली असती, हे खरे. पण २००८च्या मंदीनंतरच्या दोन वर्षांत मालकांची ताकद किती टिकली असती, हा प्रश्न शहराने साडेचार कोटींना विकून टाकला. तडजोडीच्या सहाच दिवस आधी सॉनिक्सच्या नावाने ड्राफ्टमध्ये रसेल वेस्टब्रुक निवडला गेला होता. चार वर्षांत ड्युरांट, वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाच्या नव्या नावाने अंतिम फेरीत खेळले. २०२५मध्ये थंडरने विजेतेपदही जिंकले. महिलांचा स्टॉर्म मात्र सिएटलच्या चार स्त्रियांनी २००८च्या सुरुवातीलाच विकत घेऊन गावात ठेवला होता.

नंतरची एक गोष्ट मराठी वाचकाच्या जवळची. २०१३मध्ये सिएटलच्या गुंतवणूकदारांनी सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ घेऊन सिएटलला आणायचा घाट घातला. आता कालचे पीडित दुसऱ्या गावाचा संघ न्यायला निघाले होते, आणि सॅक्रामेंटोत तीच घोषणाबाजी, तेच मोर्चे. लीगने २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळले. फरक एवढाच, की तिथले महापौर केव्हिन जॉन्सन हे स्वतः माजी एनबीए खेळाडू. त्यांनी स्टेडियमची योजना आणि स्थानिक खरेदीदार दोन्ही जमवून ठेवले होते. त्या खरेदीदार गटाचे प्रमुख होते मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, त्यात इंडियाना पेसर्ससमोर उतरले ते हेच किंग्ज.

सिएटलमध्ये १९६२चे ते छप्पर तसेच राखून खालचे सगळे स्टेडियम पुन्हा नव्याने बांधले गेले आणि ऑक्टोबर २०२१मध्ये 'क्लायमेट प्लेज अरीना' म्हणून उघडले. खर्च १०० कोटी डॉलरहून अधिक, जवळजवळ सगळा खासगी. तिथे क्रॅकन हा आइस हॉकीचा संघ आणि स्टॉर्म खेळतात. २००६मध्ये शुल्ट्झ यांना याच जागेसाठी सरकारकडून २२ कोटी हवे होते.