थरथरीचा आकडा

मावळातल्या चिखलवाटांवर दिवसभर जीप घालून संध्याकाळी आम्ही एक्सप्रेसवेला लागलो. ७० पर्यंत सगळं ठीक होतं. ८० ला स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं, ९० ला आरसा इतका हलू लागला की मागच्या गाडीचे दिवे नुसते पट्टे दिसत होते. १०० च्या थोडं पुढे गेलो, तर थरथर बरीचशी ओसरली.

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात नेहमीचं उत्तर मिळालं, "अलाइनमेंट करून टाकू." पैसे दिले, करून घेतली, काही फरक पडला नाही. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. ठरावीक वेगाला येणारी आणि पुढे जाऊन ओसरणारी थरथर सहसा वेगळ्याच ठिकाणाहून येते. ते ठिकाण शोधायचं तर पाना उचलण्याआधी एक साधी गोष्ट करावी लागते. थरथर सेकंदाला किती वेळा होते, ते मोजायचं.

माझ्या जीपला ३३ इंची टायर आहेत, म्हणजे व्यास साधारण ८४ सेंटिमीटर. गाडीच्या वजनानं टायर खाली थोडा दबतो, त्यामुळे एका फेऱ्यात तो सुमारे २.५५ मीटर अंतर कापतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर २५ मीटर. भागाकार केला की उत्तर येतं सेकंदाला जवळजवळ १० फेरे. लहान गाडीचं छोटं चाक याच वेगाला सेकंदाला १४ फेरे घेतं. म्हणजे ९० च्या वेगाला माझ्या गाडीत सेकंदाला १० वेळा थरथर होत असेल, तर संशय चाकांवर. गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट मात्र चाकापेक्षा वेगानं फिरतो. मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण ४ च्या आसपास असेल, म्हणजे शाफ्टच्या चार फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडत असेल, तर शाफ्टचे फेरे ४०. आणि इंजिन २१०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २१०० फेऱ्यांवर असेल, तर त्याचे सेकंदाला ३५. प्रत्येक फिरत्या भागाचा आकडा असा वेगळा असतो.

१० आणि ४० मधला फरक हाताला सहज कळतो. १० म्हणजे हिसके, जवळजवळ मोजता येतील असे. ४० म्हणजे गुणगुण, बुडाखालच्या पत्र्यातून येणारी. नेमका आकडा हवा असेल, तर मोबाइल पुरतो. त्यात त्वरण मोजणारा संवेदक असतोच. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी बनवलेलं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप त्या संवेदकाच्या नोंदींमधून कुठली कंपनं किती जोरकस आहेत, याचा आलेख काढून देतं. फोन सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट चिकटवायचा, आणि तो बघायचं काम शेजारी बसलेल्या माणसानं करायचं, चालकानं अजिबात नाही. वेगही स्पीडोमीटरवरून घेऊ नका, जीपीएसवरून घ्या. ३१ इंची टायर काढून ३३ इंची बसवले की प्रत्येक फेऱ्यात गाडी सहा टक्के जास्त अंतर जाते, आणि काट्याला ते माहीत नसतं.

आमच्या आलेखात टेकाड उभं राहिलं ते १० च्या शेजारी. शंका नको म्हणून वेग तोच ठेवून एक गिअर खाली घेतला. इंजिनाचे फेरे वाढले, थरथर जशीच्या तशी. इंजिन सुटलं, चाकांवर खापर आलं.

आता ती ९० लाच का? याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटतं. चाक, ते ज्यावर बसतं तो हब, ॲक्सल हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. टायरची हवा आणि वरची स्प्रिंग यांच्यामध्ये ते अडकलेलं असतं, आणि त्याची वरखाली उडण्याची स्वतःची एक लय असते, साधारणपणे सेकंदाला १० ते १५ वेळा. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका हात लावत राहिलं की झोका वाढत जातो, तसं चाकाच्या फेऱ्यांची लय या लयीला जुळली की लहानसा दोषही मोठा होतो. मोठा टायर इथे दोन्हीकडून अडचण करतो. चिखलाचा ३३ इंची टायर एकटाच २५-३० किलोंचा असतो. स्प्रिंगखालचं वजन वाढलं की ती लय मंदावते आणि १५ कडून १० कडे सरकते. मोठं चाक हळू फिरतं, म्हणून त्याचे फेरेही १० च्या आसपास येतात. दोघांची गाठ पडते ती नेमकी ८०-१०० च्या वेगाला, हायवेवर माणसं ज्या वेगानं जातात त्याच वेगाला. वेग त्याच्या पुढे गेला की लय सुटते, म्हणून थरथर ओसरते. दोष बरा झाला असं मात्र नाही. बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर पडणारा मार तर वेगाबरोबर वाढतच असतो. त्यात माणसाचे हात ८ ते १६ या पट्ट्यातल्या कंपनांना सर्वांत जास्त संवेदनशील असतात. त्यामुळे हा त्रास वाटतोही मोठा.

चाक तर ठरलं, पण चाकात काय? मी आधी पाण्याचा पाइप घेतला. रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला चिखल दोन्ही पुढच्या चाकांतून निघाला, एकात मूठभर, दुसऱ्यात त्याहून जास्त. रिमवर चाकाच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर १०० ग्रॅम चिखल चिकटला असेल, तर ९० च्या वेगाला तो चाकाला सुमारे ८ किलो वजनाएवढ्या जोरानं बाहेर ओढतो, सेकंदाला १० वेळा दिशा बदलत. हा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ४५ ला तोच चिखल २ किलोंचा, आणि २२ ला जेमतेम अर्ध्या किलोचा. म्हणून गावातल्या रस्त्यावर त्याचा पत्ताही लागत नाही.

धुतल्यावर थरथर निम्मी झाली. मग बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा जडपणा सगळीकडे सारखा करणं. रुंद टायरला वजनं रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कडांना लागतात, कारण एका कडेचा जडपणा दुसऱ्या कडेला समोरासमोर लावून झाकला, तर चाक वरखाली उडणं थांबतं पण डावी-उजवीकडे हेलकावत राहतं. आणि चाक मशीनवर नीट मध्यात बसलं नसेल, तर आकडे शून्य दिसतात आणि रस्त्यावर काहीच बदलत नाही. बाहेरून घेतलेल्या अलॉय रिमचं मधलं भोक बऱ्याचदा हबपेक्षा मोठं असतं, तिथे हे सहज घडतं. मी टायरवर आणि रिमवर एक सरळ खडूची रेघही ओढून ठेवली. चिखलात हवा कमी करून गाडी घातली की टायर रिमवर किंचित सरकतो, आणि आधीचं बॅलन्सिंग वाया जातं. रेघ तुटलेली दिसली की कारण कळलं.

वजनं लावून झाल्यावरही एक चाक ऐकेना. आता दुसरी शक्यता होती, आणि मोठ्या टायरमध्ये तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. भाकरी थापताना एका बाजूला जाड राहिली तरी दिसायला गोलच असते, तसं टायरचं आहे. रबराचे आणि दोऱ्यांचे थर एकमेकांवर चढतात त्या जोडापाशी टायर इतर ठिकाणापेक्षा थोडा ताठ राहू शकतो. वजन सगळीकडे सारखं असतं, पण तो ताठ भाग जमिनीला टेकला की ॲक्सलला खालून ढुशी बसते. साध्या बॅलन्सिंग मशीनवर चाक हवेत फिरतं, त्यामुळे हे दिसत नाही. ते पाहायला टायरवर शेकडो किलोंचा दाब देणारा रूळ लागतो, आणि तसं मशीन मोजक्याच दुकानांत असतं. एक खूण मात्र फुकट मिळते. अशी ढुशी २०-२५ च्या वेगालाही हलक्या डुलण्यासारखी जाणवते. वजनाचा दोष त्या वेगाला गप्प असतो.

उपायही साधा आहे. टायरचा ताठ बिंदू रिमच्या सर्वांत खोल बिंदूसमोर आणायचा, म्हणजे दोघांचे दोष एकमेकांना खातात. बऱ्याच नव्या टायरवर तांबडा ठिपका असतो तो यासाठीच. पिवळा ठिपका सर्वांत हलकी जागा दाखवतो, तो व्हॉल्व्हसमोर बसवतात. माझ्या टायरचे ठिपके केव्हाच झिजले होते, म्हणून हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवला आणि पुन्हा बॅलन्स केला.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या जीपमध्ये पुढचा ॲक्सल अखंड असतो. अशा गाडीत खड्ड्यावरून गेल्यावर अचानक स्टिअरिंग दोन्हीकडे जोरात फडफडायला लागलं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबेना, तर ते बॅलन्सिंगचं प्रकरण नाही. बुश, बॉल जॉइंट, ट्रॅक रॉड या पुढच्या ॲक्सलच्या आणि स्टिअरिंगच्या सांध्यांतली ढिलाई स्वतःच स्वतःला हलवत असते. हळूहळू वेग उतरवून बाजूला थांबा, आणि दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी हायवेवर नेऊच नका. गाडी उंच केली असेल आणि गुणगुण सेकंदाला ८० वेळांच्या आसपास असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे वळणारे सांधे पाहा. तिरक्या कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा झटका देतो, आणि ४० ची दुप्पट ८०.

पुढच्या रविवारी पुन्हा एक्सप्रेसवेवर गेलो. ९० ला आरसा स्वच्छ, मागच्या गाडीचे दिवे पुन्हा दोन. सीटखालून मात्र एक मंद धपधप येतच होती, आणि १०० ला आलेखात ती ६ वर दिसत होती. ६ चा एकही फिरता भाग गाडीत नव्हता. थोडा वेळ मी अस्वस्थ होतो. मग लक्षात आलं, काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे असतात, आणि सेकंदाला २८ मीटर जाणारी गाडी त्यातले सहा ओलांडते. एक्झिट घेऊन डांबरावर उतरलो, आणि धपधप थांबली.