मारणाराच मृत्यूचा दाखला लिहायचा: डॉ. शिपमन प्रकरण

डॉक्टरनेच पेशंट मारले म्हटलं की ब्रिटनच्या हॅरॉल्ड शिपमनचं नाव निघतंच. किती मारले ते सगळे सांगतात, पण इतकी वर्षं हे खपलं कसं ते समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं.

१९७५ मध्ये टॉडमॉर्डन गावात हा तरुण डॉक्टर पेथिडीन या नशा आणणाऱ्या वेदनाशामक औषधाच्या आहारी गेलेला, त्यासाठी खोटी प्रिस्क्रिप्शन लिहायचा. पकडला गेला, ६०० पौंड दंड झाला, मेडिकल कौन्सिलने ताकीद दिली आणि लायसन्स काही काढून घेतलं नाही. १९७७ पासून मँचेस्टरजवळच्या हाइडमध्ये प्रॅक्टिस, घरी व्हिजिटला येतो, म्हाताऱ्या माणसांशी बोलतो म्हणून लोकांचा लाडका.

कॅन्सरच्या पेशंटच्या नावावर डायमॉर्फिन, म्हणजे औषधातलं हेरॉईन, मागवायचं, उरलेलं स्वतःकडे ठेवायचं, मग एकट्या राहणाऱ्या आजींकडे जाऊन इंजेक्शन द्यायचं आणि दाखल्यावर मृत्यूचं कारणही आपणच लिहायचं. दहनासाठी दुसऱ्या डॉक्टरची सही लागायची, पण तो डॉक्टर बहुतेक वेळा शिपमनच्या शब्दावरच सही करून मोकळा.

पहिल्यांदा खटकलं ते अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या स्थानिक कुटुंबाला. या आजी अंथरुणात नसायच्या, रोजच्या कपड्यांत खुर्चीत बसलेल्या, बाजूला आजारपणाची काही खूणच नाही. मार्च १९९८ मध्ये शेजारच्या क्लिनिकच्या डॉ. लिंडा रेनॉल्ड्सनी कोरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवलं, पण पोलिसांनी शिपमनचा जुना गुन्हासुद्धा तपासला नाही आणि एप्रिलमध्ये चौकशी गुंडाळली. त्यानंतर अजून तीन बायका गेल्या, वाचताना आतून तुटतं.

त्यातल्या शेवटच्या ८१ वर्षांच्या कॅथलीन ग्रंडी. त्यांच्या नावाने टाइप केलेल्या मृत्युपत्रात सगळं शिपमनला दिलेलं, मुलगी स्वतः वकील, तिने ते बनावट आहे हे ओळखलं. ग्रंडींचं दफन झालं होतं म्हणून मृतदेह बाहेर काढता आला, आणि त्यात डायमॉर्फिन सापडलं. जानेवारी २००० मध्ये १५ खुनांसाठी जन्मठेप झाली, नंतरच्या सरकारी चौकशीत न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांनी २१५ बळी निश्चित केले. २००४ मध्ये त्याने जेलमध्ये गळफास घेतला.

दाखला एकाच डॉक्टरच्या भरवशावर सोडू नका असं याच चौकशीने २००३ मध्ये सांगितलेलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये कोरोनरकडे न जाणाऱ्या प्रत्येक मृत्यूचं कारण स्वतंत्र डॉक्टरने तपासायचा नियम सक्तीचा झाला ९ सप्टेंबर २०२४ ला, शिपमनच्या अटकेला तेव्हा २६ वर्षं झाली होती.