घरच्या बागेतली तंबाखू: वाणांमागचा इतिहास

बागेत हौसेनं तंबाखू लावणारे बर्ली, व्हर्जिनिया, ओरिएंटल ही नावं सहज घेतात. पण ही नावं जितकी बियाण्याची, तितकीच पान वाळवण्याच्या रीतीची आहेत.

लागवडीत मुख्य जाती दोनच, निकोटियाना टॅबॅकम आणि निकोटियाना रस्टिका. दोन्ही दक्षिण अमेरिकेतल्या. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचे मूळ रहिवासी रस्टिका पिकवत. तिचा धूर युरोपियनांना फार कडक वाटे. १६१२च्या सुमारास जॉन रॉल्फ या इंग्रज वसाहतकऱ्यानं अमेरिकेतल्या जेम्सटाऊनला टॅबॅकम लावली आणि व्हर्जिनिया वसाहतीला नगदी पीक मिळालं. त्याचा फटका बसला तो इंग्लंडमधल्या घरच्या लागवडीला. आयात मालावरचा कर राजाच्या तिजोरीत जात असल्यानं १६१९मध्ये देशात तंबाखू लावायलाच बंदी आली. ग्लॉस्टरशायरचे शेतकरी मात्र पुढची कित्येक दशकं ती लावत राहिले. उभं पीक उपटायला सैनिक धाडावे लागले. आजही काही देशांत परसातल्या चार झाडांना कर किंवा परवान्याचे नियम लागतात, त्याची मुळं अशा महसुलात आहेत.

पिवळ्याधमक व्हर्जिनिया पानाचं श्रेय स्टीफन या गुलाम माणसाला जातं. १८३९मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल काउंटीत पानं वाळवताना विझत आलेल्या आगीवर त्यानं कोळसा टाकला, त्या झटक्याच्या उष्णतेनं पानं पिवळी झाली, असं सांगतात. नोंदींत त्याला मालकाचं आडनाव लावून स्टीफन स्लेड म्हणतात, हे विसरू नये. पांढरी बर्ली १८६४मध्ये ओहायोत निघाली. केंटकीहून आणलेल्या बियाण्यात काही रोपं फिकट, हरितद्रव्य कमी असलेली उगवली आणि त्यांचंच पुढे वाण झालं.

काढणीही वाणागणिक वेगळी. व्हर्जिनियाची पानं खालून वर, पिकतील तशी तोडतात. बर्लीचं अख्खं झाड कापून सावलीत, वाऱ्यावर टांगतात. ओरिएंटलची छोटी पानं दोऱ्यात ओवून उन्हात वाळवतात. पिकलेलं पान ओळखू येतं: हिरव्यावर पिवळसर ठिपके उमटतात, हाताला चिकट लागतं, देठ कट्कन मोडतो.

वाण राखणं तसं सोपं, कारण फूल स्वतःच्याच परागानं फळतं. तरी शेजारी दुसरं वाण असेल तर फुलोऱ्याला पिशवी बांधावी. बी धुळीसारखं बारीक असतं आणि उगवायला उजेड लागतो. त्यावर माती लोटू नये. दवानं ओली पानं उघड्या हातांनी तोडू नयेत. निकोटिन कातडीतून शरीरात जातं आणि मळमळ, चक्कर येते.