ऑक्सिडेशन पॉन्ड की रेसवे: हिरवं पाणी दोन्हीकडे, पण नत्र हाती कुठे लागतं?

ऑक्सिडेशन पॉन्ड आणि रेसवे, दोन्ही सांडपाणी शुद्ध करणारी तळी. वरून पाहिलं तर सारखीच हिरवीगार. दोन्हींत राबतं ते सूक्ष्म शेवाळच, म्हणून सर्रास एकाच नावाखाली खपवली जातात. पण नत्र-स्फुरद पाण्यातून घालवणं वेगळं आणि ते खत म्हणून हाती लागणं वेगळं.

ऑक्सिडेशन पॉन्ड साधारण दीड मीटर खोल असतं, यंत्र काही नाही. सांडपाणी त्यात दहा ते तीस दिवस मुक्काम करतं. वरच्या थरात शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यावर जिवाणू मैला पचवतात. तळाशी प्राणवायूविना गाळ कुजत राहतो. जमीन मुबलक आणि वीज बेभरवशाची असेल तिथे हे तळं आजही उत्तम. नत्र मात्र काही हवेत उडतं, काही गाळात बसतं, उरलेलं हिरव्या पाण्याबरोबर नाल्यात.

रेसवे अमेरिकी अभियंते विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात पुढे आणलं. खोली जेमतेम ३० ते ४० सेंटिमीटर, लांबट वळसा, आणि सेकंदाला १५ ते ३० सेंटिमीटर वेगाने पाणी फिरवणारं पॅडलव्हील. मुक्काम ऋतूप्रमाणे चार ते नऊ दिवस. पुढे शेवाळाच्या काढणीसाठी निवळण टाकी हवीच. ती नसेल तर हे नुसतं वीज खाणारं ऑक्सिडेशन पॉन्ड.

आता हिशेब. दर चौरस मीटरला दिवसाला १५ ग्रॅम सुकं शेवाळ वाढलं आणि त्यात ८ टक्के नत्र धरलं, तर रोज १.२ ग्रॅम नत्र उचललं जातं. ३० सेंटिमीटर खोल पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र असेल, तर चौरस मीटरखाली १२ ग्रॅम. म्हणजे दहा दिवसांचं काम. पाच दिवसांत ८० टक्के नत्र 'गेलं' असं कुणी दाखवलं, तर शेवाळात त्यातलं फार तर निम्मं-पाऊण; बाकीचं बहुधा हवेत गेलंय.

कारण पीएच. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दुपारी पीएच ९.५च्याही वर चढतो. ९.२५च्या आसपास निम्मा अमोनिया वायुरूप होतो: थोडा उडतो, थोडा शेवाळालाच बाधतो. स्फुरदही कॅल्शियमबरोबर तळाशी बसतं. म्हणून कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच ८च्या आसपास धरतात. सांडपाण्यात नत्राच्या मानाने कार्बन तसाही कमीच.

खरी अडचण काढणीची. क्लोरेला एकपेशीय, खाली बसायचं नावच घेत नाही. मायक्रॅक्टिनियम किंवा सेनेडेस्मससारखी पुंजक्यांची शेवाळं बसतात. त्यांचा थोडा गाळ रोज तळ्यात परत सोडला की त्यांचं प्रमाण टिकतं. तुरटीने काम झटपट होतं, पण ॲल्युमिनियम स्फुरदाला असं धरून बसतं की ते पिकाला सहजी मिळत नाही. आणि पाणी दोन-चार दिवसांत हिरव्याचं तपकिरी, नितळ झालं तर खुश होऊ नका: रोटिफर किंवा डॅफ्नियासारखे पाण्यातले बारीक प्राणी शेवाळ चरून गेलेत.

एकूण नत्र तपासताना नमुना गाळून आणि न गाळता, दोन्ही करा. गाळलेल्यात कमी, न गाळलेल्यात जवळपास आवक पाण्याइतकंच निघालं, तर नत्र पेशींत बसून नदीकडे निघालंय. दोन्हींत कमी, पण टाकीतून शेवाळ निघालंच नाही, तर ते हवेत किंवा गाळात. किती मिळालं ते काढलेल्या सुक्या शेवाळाचं वजन आणि त्यातलं नत्र यावरूनच ठरवा.