पोत्यामागचे बंदर : बेइरा

ऑगस्ट सरत आला की नागपूरच्या डाळीच्या व्यापारात ‘गजरी’ हा शब्द वरचेवर कानावर पडू लागतो. ब्रह्मदेशातून येणारी तूर ती ‘लेमन’, टांझानियाची ती ‘अरुषा’ आणि मोझांबिकची ती ‘गजरी’, अशी ही बाजारातली नावे आहेत. विदर्भाची स्वतःची तूर हिवाळ्याच्या अखेरीस बाजारात येते. त्याआधीच्या दसरा-दिवाळीच्या दिवसांत डाळ मिलना माल कमी पडतो आणि नेमक्या त्याच वेळी आफ्रिकेची तूर येऊन पोचते. यामागे खगोलशास्त्र आहे. तूर हे दिवस लहान होऊ लागले की फुलावर येणारे पीक आहे. आपल्याकडे दिवस लहान होतात तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला ते मोठे होत असतात, त्यामुळे तिथली तूर मार्च ते जूनच्या दरम्यान फुलते आणि आपली संपत आलेली असताना तयार होते. २०१६ साली भारताने मोझांबिकशी तुरीच्या खरेदीचा करार केला आणि पुढे त्यात वर्षाला दोन लाख टनांचे प्रमाण ठरले, त्याचे एक कारण हा उलटा ऋतू हेही आहे.

ही तूर आणि शेजारच्या मलावीची तूर मुख्यतः मोझांबिकच्या दोन बंदरांतून बाहेर पडते. त्यांपैकी उत्तरेकडचे नकाला हे नैसर्गिकरीत्या खोल बंदर आहे, त्याला फारसे झगडावे लागत नाही. दुसरे बेइरा. या शहराविषयी मला कित्येक वर्षे कुतूहल वाटत आले आहे, कारण बंदर चालवण्यासाठी इतकी अवघड जागा क्वचितच कुणाच्या वाट्याला आली असेल. नकाशावर ते जणू आपले प्रतिबिंब आहे: नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २१ अंशांवर, तर बेइरा दक्षिणेला सुमारे २० अंशांवर. फरक उंचीचा आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचावर वसले आहे आणि बेइराचे काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्याही खाली आहेत.

इतक्या सखल, दलदलीच्या जागी शहर वसवावे असे कुणाला का वाटले, याचे उत्तर समुद्रात शोधून सापडत नाही, ते जमिनीच्या आत सापडते. बेइराच्या पश्चिमेला झिंबाब्वेचे पठार आहे. तिथे शेती आहे, खनिजे आहेत, पण समुद्र नाही. झांबिया आणि मलावी यांचीही तीच स्थिती. या सगळ्यांना समुद्राकडे जायची जवळची वाट बेइरावरून जाते. १८८७ मध्ये पोर्तुगीजांनी इथे ठाणे वसवले, तेव्हा किनारा आणि पठार यांच्यामधल्या पट्ट्यात त्सेत्से माशीचे राज्य होते. ही माशी चावली की तिच्यातले परजीवी जनावराच्या रक्तात शिरतात आणि बैल काही आठवड्यांत खंगून मरतो. बैलगाडीने माल नेणे त्यामुळे अशक्यच होते. म्हणून रेल्वे आली. ती आधी अगदी अरुंद, दोन फुटी रुळांची होती, आपल्या एकेकाळच्या इतवारी-नागभीड नॅरोगेजपेक्षाही अर्ध्या फुटाने लहान. १८९८ मध्ये ती पठाराच्या काठावरच्या आजच्या मुतारे शहरापर्यंत पोचली आणि लवकरच तिचे रूळ रुंद करावे लागले. नागपूरला मुंबईची रेल्वे १८६७ मध्ये आली ती मुख्यतः वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंदरावर नेण्यासाठी. बंदर आणि त्याच्या पाठीमागचा मुलूख यांचे नाते दोन्हीकडे एकाच जातीचे आहे. फरक इतकाच की आपण दोराच्या आतल्या टोकाला आहोत आणि बेइरा समुद्राकडच्या टोकाला. नागपूरच्या कंटेनर डेपोला आपण ‘कोरडे बंदर’ म्हणतो, तेही याच नात्यामुळे.

पुढच्या शतकात या वाटेवरून तेलवाहिनीही पठारावर गेली. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला. त्यानंतर १९९२ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धात ही वाट अनेकदा तुटली, पण प्रत्येक वेळी ती पुन्हा जोडली गेली. आज त्या वाटेने खत, इंधन आणि गहू आत जातात, तर तंबाखू, साखर, खनिजे आणि आपल्याकडे येणारी तूर बाहेर येते.

आता बंदराच्या मूळ दुखण्याकडे येऊ. बेइरा हे पुंग्वे आणि बुझी या दोन नद्यांच्या मुखाशी आहे. दोन्ही झिंबाब्वेच्या डोंगरांतून येतात आणि पावसाळ्यात मुबलक गाळ घेऊन येतात. हा गाळ नेमका बंदराच्या तोंडाशीच का बसतो, हे समजण्यासाठी मी घरी एक साधा प्रयोग केला. तो कुणालाही करता येईल. नागपूरच्या बाहेर पडले की जी काळी, भेगाळणारी माती लागते, तिचे एक ढेकूळ आणले, ते बारीक करून दोन काचेच्या पेल्यांत सारख्या पाण्यात कालवले आणि एका पेल्यात चमचाभर मीठ घालून दोन्ही ढवळून ओट्यावर ठेवले. मिठाच्या पेल्यात थोड्याच वेळात मातीचे बारीक पुंजके दिसू लागले. ते हळूहळू खाली सरकत गेले आणि वरचे पाणी निवळले. साध्या पाण्याचा पेला दुसऱ्या दिवशी सकाळीही चहासारखा गढूळ होता.

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. मीठ विरघळले की त्यातले धनभारित आयन या कणांभोवती गोळा होतात, परस्परांना लोटण्याची शक्ती कमी पडते आणि कण एकमेकांना चिकटून जड होतात. नदी समुद्राला मिळते तिथे हीच गोष्ट अहोरात्र चालू असते. डोंगरातून शेकडो किलोमीटर तरंगत आलेली माती खाऱ्या पाण्याची पहिली चव लागताच खाली बसते आणि बेइराच्या जहाजांची वाट नेमकी तिथूनच जाते. म्हणून गाळ उपसणारी जहाजे या बंदराला कायमची लागतात. उपसा काही काळ थांबला तरी वाट उथळ होत जाते आणि मोठ्या जहाजांना आत यायचे असेल तर भरतीची वेळ गाठावी लागते.

भरतीच्या बाबतीत मात्र निसर्गाने बेइराला भरभरून दिले आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, इथे ओहोटी आणि भरती यांच्या पातळीत सहा मीटरांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे सुमारे दोन मजल्यांइतका. मुंबईत मोठ्या उधाणाला हा फरक साधारण साडेचार-पाच मीटर असतो. या भरतीचे कारण शहरासमोरच्या समुद्राच्या तळाशी आहे. सोफाला बँक नावाचा उथळ सागरी मंच इथे किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरला आहे. भरती ही प्रत्यक्षात एक प्रचंड लांबीची लाट असते आणि तिचा वेग फक्त पाण्याच्या खोलीवर ठरतो. अडीच हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे ५६० किलोमीटर वेगाने धावते. वीस मीटर खोलीच्या मंचावर आली की तो वेग ताशी ५० किलोमीटरवर येतो. समृद्धी महामार्गावरून वेगाने आलेल्या गाड्या शहराच्या तोंडाशी मंदावल्या की एकमेकींच्या मागे दाटतात, तसेच काहीसे पाण्याचे होते. पुढचा भाग मंदावतो, मागचा त्याला गाठतो, लाटेची लांबी आक्रसते आणि तिच्यातल्या ऊर्जेला वर जाण्याखेरीज फारशी जागा उरत नाही.

म्हणजे ज्या उथळपणामुळे जहाजांची वाट अडते, त्याच उथळपणामुळे भरती उंच येते आणि जहाजांना आत शिरता येते. परंतु वादळाच्या वेळी हाच उथळपणा उलटतो, कारण वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे लोटतो तेव्हा पाणी जितके उथळ, तितका फुगवटा मोठा असतो. खोल समुद्रात लोटलेले पाणी तळाशी परत वाहून जाऊ शकते. उथळ मंचावर त्याला परतीची वाट मिळत नाही.

१४ मार्च २०१९ च्या रात्री ‘इडाई’ हे चक्रीवादळ बेइराजवळ किनाऱ्यावर आदळले. महिन्याच्या सुरुवातीला ते एकदा जमिनीवर येऊन गेले होते, तिथून पुन्हा समुद्रात उतरून त्याने कोमट पाण्यावर बळ धरले होते. शहराची छपरे उडाली, वीज आणि दूरध्वनी गेले, रस्ते तुटले. त्यानंतर पुंग्वे आणि बुझीला पूर आला आणि शहरामागचा सपाट प्रदेश मैलोन्‌मैल पाण्याखाली गेला. मोझांबिक, झिंबाब्वे आणि मलावी मिळून हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मदतीला सर्वांत आधी पोचलेल्यांत भारतीय नौदलाची ‘सुजाता’ आणि ‘शार्दूल’ व तटरक्षक दलाचे ‘सारथी’ ही जहाजे होती, कारण ती त्या समुद्रातच होती. आपल्याकडच्या बातम्यांत ही गोष्ट फार लवकर मागे पडली, याचे मला आजही वाईट वाटते.

त्या रात्रीची तिथी पाहिली तर अंगावर काटा येतो. १४ मार्च २०१९ म्हणजे फाल्गुन शुद्ध अष्टमी. अष्टमीला सूर्य आणि चंद्र पृथ्वीपासून पाहता एकमेकांशी काटकोनात असतात, त्यांची ओढ एकमेकींना काटते आणि भरती छोटी राहते. कोकणात तिला भांगाची भरती म्हणतात. बेइरात भांगाच्या भरतीचे पाणी उधाणाच्या भरतीपेक्षा सुमारे दोन मीटर खाली राहते. याचा अर्थ, वादळाने लोटलेले पाणी शहरावर आले तेव्हा त्याच्या पायाखालचा समुद्र त्या पंधरवड्यातला जवळपास सर्वांत खालच्या भरतीचा होता.

सहा दिवसांनी, २० मार्चला होळी होती. नागपुरात त्या संध्याकाळी चौकाचौकांत होळ्या पेटल्या तेव्हा उगवलेला चंद्र नेहमीपेक्षा मोठा दिसत होता, कारण आदल्याच रात्री तो पृथ्वीच्या त्या फेरीतल्या सर्वांत जवळच्या बिंदूवर आलेला होता. त्याच रात्री सूर्य विषुववृत्तावर आला होता. पौर्णिमा, जवळचा चंद्र आणि विषुवदिन या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हा वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक येते. इडाई सहा-सात दिवस उशिरा, भरतीच्या वेळी आले असते, तर तोच वारा दोन मीटरहून अधिक उंच समुद्रावर स्वार होऊन शहरात शिरला असता. इतका विनाश होऊनही बेइरा त्या अष्टमीमुळे याहून वाईटातून वाचले, असेच मला हे गणित पाहून म्हणावे लागते.

बेइरापुढचा रोजचा प्रश्न मात्र वादळाचा नाही, साध्या पावसाचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते आपण पाहिले आहे. पण नागपूरच्या जमिनीला उतार आहे, त्यामुळे पाऊस थांबला की पाणी आपोआप पुढे निघून जाते. बेइरात उतार जवळजवळ नाहीच. समुद्र खाली गेला तरच शहरातले पाणी बाहेर पडू शकते आणि समुद्र दिवसातून दोनदा खाली जातो व दोनदा वर येतो. मुसळधार पाऊस उधाणाच्या भरतीबरोबर आला की नाल्यांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत येऊ पाहतो.

यावर तिथल्या लोकांनी एक उपाय केला आहे. शहराच्या मधून शिवेवे नावाची एक छोटी भरतीची नदी वाहते. कचरा आणि गाळ यांनी ती जवळजवळ बुजली होती. गेल्या दशकात तिचे पात्र मोकळे करण्यात आले, काठावर तिवरे पुन्हा लावली गेली आणि मुखाशी भरतीचे दार बसवण्यात आले. भरती चढू लागली की दार लावून समुद्राला बाहेर अडवायचे. तेवढा वेळ पावसाचे पाणी नदीच्या मोकळ्या पात्रात साठते. ओहोटी लागून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की दार उघडायचे. यासाठी पंप लागत नाही, चंद्राचे वेळापत्रक मात्र पाठ असावे लागते. ओहोटीचे जे तास बंदरातल्या जहाजांना गाळाबाहेर थांबून काढावे लागतात, तेच तास शिवेवेच्या दाराशी शहराला पाणी सोडण्यासाठी मिळतात.