पिकअपच्या चाकाचे नट: कुठले लावायचे आणि किती आवळायचे

मी पिकअपला नवीन अलॉय चाकं बसवली तेव्हा नट जुनेच लावले, नट काय नटच असतो म्हणून. शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुढच्या डाव्या चाकातून टकटक यायला लागली, मला वाटलं बेअरिंग गेलं, उतरून बघतो तर सहापैकी चार नट बोटांनी फिरतायत. आणि लावताना मी पान्यावर चक्क उभा राहिलो होतो!

झालं काय ते कळायला आधी नट नेमकं काय करतो ते बघू. बऱ्याच जणांना वाटतं चाक स्टडवर, म्हणजे हबमधून (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) बाहेर आलेल्या आट्यांच्या बोल्टवर, लटकलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड स्प्रिंगसारखा ताणला जातो, त्याला परत आखडायचं असतं म्हणून तो रिमला (चाकाच्या धातूच्या भागाला) हबवर दाबून धरतो, आणि रिम-हबमधल्या त्या दाबाच्या घर्षणावर अख्खी गाडी चालते. दाब कमी पडला की रिम हबवर किंचित सरकायला लागते, स्टड प्रत्येक फेरीत थोडा वाकतो, सरळ होतो, परत वाकतो, आणि एक दिवस थकून तुटतो.

आता आकडे बघा. फोर्ड एफ-१५० या अमेरिकन पिकअपला १५० फूट-पाउंड म्हणजे साधारण २०० न्यूटन मीटर टॉर्क (नट फिरवायचा जोर) लागतो, अर्धा मीटर लांब पाना घेतला तर त्याच्या टोकाला ४० किलोचा जोर. १४ मिमीच्या कोरड्या स्टडवर एवढ्याने सुमारे ७ टनांची ओढ तयार होते, एका नटाची! आणि एवढ्या ओढीने स्टड लांबतो किती, तर मिलिमीटरचा काही शतांश भाग, केसाच्या जाडीएवढा. सगळी गंमत इथेच आहे, कारण रिमच्या मागे रंगाचा जाड थर असला, हबवर गंज असला आणि तो गाडी चालताना चुरून तेवढाच बसला की ताण गेलाच म्हणून समजा. म्हणून चाक चढवायच्या आधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासायचा, कंटाळा येतो पण घासायचा.

माझ्या बाबतीत नटाचं बूड चुकलं होतं. जुने नट चपट्या बुडाचे, वॉशरवाले, आणि नवीन रिमची भोकं ६० अंशाच्या निमुळत्या नटांसाठी. चपटा नट तिथे फक्त एका बारीक कडेवर टेकतो, हाताला घट्ट लागतो, मग ॲल्युमिनियमची ती कड दबते आणि खेळ खलास. तिसरा प्रकार गोलाकार बुडाचा, तो निमुळत्याच्या जागी सहज खपून जातो, हे जास्त धोक्याचं. नट रिमबरोबर जुळवायचा, आटे स्टडबरोबर.

आट्यांचंही तसंच. एफ-१५० चे २००४ ते २०१४ चे स्टड १४ मिमी जाडीचे आणि २ मिमी पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) होते, २०१५ पासून जाडी तीच पण पिच १.५. चुकीचा नट एक-दोन आटे जातो, मग अडतो, आपण म्हणतो कचरा असेल आणि इम्पॅक्ट गन (नट आवळायचं मशीन) लावतो, झालं, स्टड वाया. नट हातानेच शेवटपर्यंत गेला पाहिजे, आणि निदान स्टडच्या जाडीएवढा आत, म्हणजे १.५ पिचला नऊएक फेरे.

तेल, ग्रीस काही लावू नका, कंपनीने सांगितलं असेल तरच. आपला बहुतेक जोर घर्षणातच जातो, स्टड ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तेलाने घर्षण घटलं की तोच २०० चा टॉर्क ७ ऐवजी १० टनांच्या आसपास ओढ देतो, आणि तिथे स्टड कायमचा लांबायची भीती.

आवळताना समोरासमोरचे नट, आधी अर्ध्या टॉर्कने, मग चाक जमिनीला टेकवून टॉर्क रेंचने (ठरवलेला टॉर्क झाला की आवाज करणारा पाना) पूर्ण. इम्पॅक्ट गनने फायनल करू नका, ती किती आवळते तिचं तिलाच माहीत. रेंचचा ‘कट्’ आवाज आला की थांबायचं, खात्रीसाठी अजून दोनदा कटकट करणारे बघितलेत मी, दरवेळी नट थोडा पुढे सरकतो. नंतर ८० ते १०० किलोमीटर चालवून चाकं थंड असताना परत एकदा रेंच लावायचा. बरोबर नट आणल्यावर मी लावला तेव्हा सहापैकी एक जरासा फिरला, बाकी पाच जागचे हलले नाहीत.