वाऱ्यापुढे उभी काँक्रीटची नळी

उत्तरायणाच्या दिवशी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या गच्चीवरून पतंग बदवताना सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो; पण एकदा का तो घरांच्या वर गेला, की फिरकी आपोआप फिरू लागते. जमिनीलगतच्या वाऱ्याला घरे आणि झाडे अडवतात, वर त्याला मोकळे रान असते, आणि उंच इमारतीला तोंड द्यावे लागते ते या वरच्या वाऱ्याला.

इमारतींवर येणारे भार सांगणाऱ्या भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात वडोदऱ्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. त्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 118 किलो वजनाएवढा भरतो. इमारत जमिनीत रोवलेल्या काठीसारखी असल्यामुळे, दाब आणि आडवा छेद तेच ठेवून उंची दुप्पट केली, तर पायथ्याशी तिला उलथवू पाहणारा परिणाम चौपट आणि शेंड्याचे झुकणे सोळापट होते. म्हणूनच येथे मजबुतीपेक्षा ताठपणाची चिंता अधिक असते.

ढाका येथे जन्मलेले अभियंते फजलूर रहमान खान यांनी 1960 च्या दशकात शिकागोतील 43 मजली डिविट-चेस्टनट इमारतीत यावर उपाय योजला. त्यांनी बाहेरचे खांब जेमतेम 1.7 मीटर अंतरावर उभे करून ते प्रत्येक मजल्यावर जाड तुळयांनी जखडले. त्यामुळे चारही दर्शनी बाजू मिळून एक पोकळ नळी झाली. वारा येतो त्या बाजूचे खांब ताणले जातात, पाठीमागचे दाबले जातात आणि कडेच्या दोन बाजू या दोघींना एकत्र बांधून ठेवतात.

मात्र ही नळी सलग पत्र्याची नव्हे, खिडक्यांनी भोकाळलेली आहे. कोपऱ्याकडून मधल्या खांबांकडे बल पोहोचवताना तुळया स्वतःच थोड्या वाकतात. परिणामी कोपऱ्यातले खांब वाजवीपेक्षा जास्त भार घेतात आणि मधले काहीसे निवांत राहतात. याला शिअर लॅग म्हणतात. तुळया आणखी जाड केल्या, खांब आणखी जवळ आणले, तर तो कमी होतो. पण मग खिडक्या बारीक होतात, आणि एवढ्या उंचावर घर घेणाऱ्याला हवी असते ती नेमकी खिडकी!

शिवाय वारा केवळ समोरून ढकलत नाही. कडांवरून सुटणारे भोवरे आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला निर्माण होतात आणि इमारतीला वाऱ्याच्या आडव्या दिशेने झुलवतात. कधी कधी हेच झुलणे अधिक असते. काँक्रीटचे वजन आणि कंपने जिरवण्याचा त्याचा गुण येथे उपयोगी पडतो. कोपरे गोलसर केले वा छाटले, तर भोवऱ्यांचा जोरही मोडतो. पंचाईत इतकीच, की सर्वाधिक भार त्याच कोपऱ्यांवर असतो, त्यामुळे छाटलेल्या कोपऱ्यातूनही तुळई अखंड वळवून न्यावी लागते.